सात बाटल्या

मी पाटकरी.
एकोणतीस वर्षं नांदूरमध्यमेश्वरला
कालव्याच्या गेटचं लोखंडी चाक फिरवतो.
किती आटे, किती क्युसेक, किती वाजता,
वहीत सगळं मिळेल.
पाण्याच्या रंगाला मात्र रकाना नाही.

पौषातल्या एका मंगळवारी
चापडगावच्या शाळेत बैठक बसली.
वरचे आणि खालचे एकाच सतरंजीवर
मी तरी पहिल्यांदाच पाहिले.
पुंजाराम मोरे आपला बांबू घेऊनच आला होता.
भिंतीला टेकवून म्हणाला,
"बापाच्या वेळेला ह्यो निम्मा बुडायचा,
आता दोन हातांवर गाळ लागतो.
आन् जलपर्णीत होडी अशी अडकते
जशी गाय चिखलात."
दौलत बोरस्त्यांनी उपरणं झटकलं.
त्यांची द्राक्षं काठाला लागून.
"पाणकणीस वाढवा, बेशरम काढा, सगळं मान्य.
पण फुगवटा माझ्या बागेत आला
तर मुळ्या कुजतील, त्याचं काय?"
कोणी उत्तर दिलं नाही. प्रश्न खोटा नव्हता.

मग वैजापूरकडची कौसाबाई त्रिभुवन उठली.
दोन एसट्या बदलून आलेली,
पायात वेगवेगळ्या चपला.
"तुमच्याकडं पक्षी येतात," ती म्हणाली,
"आमच्याकडं टँकर. तोबी येतो म्हणायचा."
हशा झाला, आणि लगेच विझला.

गांगुर्डे म्हणून नाशिकचा एक पोरगा,
मैलापाण्याच्या केंद्रावर कामाला,
गोणपाटातून बाटल्या काढत गेला.
तपोवन. दारणासांगवी. चांदोरी. सायखेडा.
निफाडाखालची कादवा. नांदूरचा फुगवटा.
टेबलावर ओळीनं मांडल्या.
पहिली काळपट, दुसरी जरा उजळ,
तिसरीवर साबणाचा फेस अजून तरंगत होता,
पाचवीत कुठल्याशा औषधाची निळसर झाक.
(बोरस्ते खाली बघायला लागले.)
सहावी पिवळी, जड.
सातवी त्यानं सगळ्यात शेवटी ठेवली.
"ही त्या पाणकणसाच्या पट्ट्यामागची,
जो तुम्ही मागल्या साली तोडू दिला नाहीत."
त्या बाटलीतून
फळ्यावरची अक्षरं वाचता येत होती.

गोदा कोणाची, कादवा कोणाची,
यावर मी कैक पंचायती ऐकल्या आहेत.
त्या दिवशी कोणी बोललंच नाही.
खिडकीबाहेर चक्रवाकांची एक जोडी
घोगऱ्या आवाजात भांडत गेली.
थापट्या चिखल चाळत होते,
मान खाली, चोच डावी-उजवी,
जणू सांडलेली सुई शोधताहेत.

ठरलं ते इतकंच:
जलपर्णी काढायची, सहा गावांनी मिळून,
होड्या पुंजारामच्या, डिझेल वरच्यांचं;
बोरस्त्यांच्या कडेनं एक चर खोदायचा,
खर्च सगळ्यांनी वाटून;
आणि खाली पाणी सोडायचं,
पण सावकाश, माघभर, वीतभर वीतभर,
म्हणजे चिखल हळूहळू उघडा पडेल
आणि पक्ष्यांना पंगत मिळेल.
"किती आटे फिरवावेत?"
त्यांनी मला विचारलं.
मला!
एकोणतीस वर्षांत साहेबांचा फोन येई,
त्यात प्रश्न कधीच नव्हता.
मी म्हणालो, "रोज अर्धा. त्याहून जास्त नको."
आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

दुसऱ्या दिवशी चाकाला वंगण घातलं.
वहीच्या उजव्या समासात
पेन्सिलीनं एक उभी रेघ ओढली,
पट्टी नव्हती, वाकडीच गेली.
वर लिहिलं: रंग.
खाली पहिली नोंद:
चहासारखा. दूध कमी.

साहेब विचारतील, हे काय?
बघू.
सातवी बाटली परत गोणपाटात गेली नाही.
कौसाबाईनं ती पदरात पुसून पिशवीत टाकली,
कोणाला न विचारता,
आणि साडेचारची एसटी पकडली.